पिकअप कुणाला द्यायची नाही

पिकअप विकायची हे ठरवायला मला दोन महिने लागले. ती एका माणसाला विकायची नाही, हे मात्र केव्हाच ठरलेलं होतं.

गाडी अकरा वर्षांची होती. माझ्या नवऱ्यानं ती नवी कोरी घेतली होती. बोरीच्या आसपासच्या गावांतला भाजीपाला, सोयाबीनची पोती, लग्नघरचं सामान, पोखर्णीच्या नरसिंहाला निघालेली माणसं, असं काय काय तिच्या हौद्यातून गेलं. दारावर नवऱ्याचा मोबाइल नंबर पिवळ्या रंगात लिहिलेला होता. घर त्या नंबरावर चालायचं.

तुळशीचं लग्न होऊन आठवडा झाला असेल. सकाळी दहाच्या सुमारास नवरा अंगणात गाडी धुवायला लागला होता. बादली पडल्याचा आवाज आला म्हणून मी बाहेर आले, तर तो पुढच्या चाकाला टेकून बसलेला. तोंड एका बाजूला ओढलेलं, आणि उजवा हात दुसऱ्याच कुणाचा आणून मांडीवर ठेवल्यासारखा पडलेला. किल्ली गाडीलाच होती. मला गाडी चालवता येत नव्हती.

थोरले दीर आमच्या घरापासून चार घरं सोडून राहतात. त्यांचीही पिकअप आहे, दोघा भावांचा धंदा एकच. आमच्या घराची रीत अशी की थोरला दीर धाकट्या भावजयीशी समोरासमोर बोलत नाही. काही सांगायचं असलं की नवऱ्याकडे बघून "तिला म्हणावं" अशी सुरुवात करायची. माझ्या लग्नाला सतरा वर्षं झाली होती, आणि मी त्यांना त्या दिवशी पहिल्यांदा फोन केला.

"दादा, ह्यांना कायतरी झालंय. तोंड वाकडं झालंय. गाडी दारातच हाय, तुमी या, परभणीला न्यायचं."

ते म्हणाले, "मंडपाचं सामान भरलेलं हाय. टायमावर पोचवायचं हाय. तुमी अँब्युलन्स बोलवा."

फोनमध्ये बशी ठेवल्याचा आवाज आला. त्याच्या आधी घोट घेतल्याचाही आला होता. ते चहा पीत होते.

शेजारणीला नवऱ्याजवळ बसवून मी धावत त्यांच्या घराकडे गेले. तोवर त्यांची गाडी रस्त्याला लागली होती. मी हात केला. त्यांनी आरशात बघितलं की नाही, मला सांगता येणार नाही. बघितलं, असंच मी धरून चालले आहे.

अँब्युलन्स दुसऱ्या पेशंटला घेऊन लांब गेली होती. शेवटी शेजाऱ्यानं एक ऑटो आणला. नवऱ्याचं डोकं मांडीवर घेऊन, प्रत्येक खड्ड्याला ते दोन्ही हातांनी धरून, मी परभणीला पोचले तेव्हा दोन वाजून गेले होते. डॉक्टर पोरगेलासा होता. म्हणाला, "लवकर आणलं असतं तर हात बराच सुटला असता." मी विचारलं, "किती लवकर?" तो म्हणाला, "एक-दोन तास."

दादा तिसऱ्या दिवशी दवाखान्यात आले. केळी आणली होती. नवऱ्याला म्हणाले, "मला काय माहीत येवढं असंल." नवऱ्यानं डाव्या हातानं त्यांचा हात धरला आणि तो रडला. मी पलंगाच्या दुसऱ्या बाजूला उभी होते. त्यांनी माझ्याकडे बघितलं नाही, ती आमची रीतच. पण त्या दिवशी मला ती रीत फार सोयीची वाटली. माझ्या चेहऱ्यावर काय होतं ते त्यांना दिसलं नाही.

नवरा घरी आला. धरून चार पावलं टाकायचा, बोलणं जड झालं होतं, पण समजत होतं. उजवा हात आला नाही. गाडीवर आम्ही पगारी ड्रायव्हर ठेवून बघितला. दोन महिन्यांत गाडीनं जेवढं डिझेल पिलं तेवढं ती चार महिन्यांत पीत नसे. तेव्हा मी ठरवलं की गाडी विकायची आणि घरातच पिठाची गिरणी टाकायची. नवऱ्याला एकट्याला सोडून मला कुठं जाता येणार नव्हतं.

नवरा म्हणाला, "दादाला दे. घरात ऱ्हाईल."

मी म्हटलं, "बघू."

दादा दोन दिवसांनी आले. ओट्यावरच्या खुर्चीत बसले. मी आत, दाराआड. नवऱ्याला म्हणाले, "भंगारात घातली तर पन्नास हजार येतील. आपलं म्हणून मी नव्वद द्यायलो. तिला म्हणावं, लय हाव बरी न्हाई."

 गाडीची खरी किंमत मला माहीत नव्हती, आणि माहीत नसताना बोलायचं नाही एवढं मला कळत होतं.

त्यानंतर गिऱ्हाइकं यायला लागली. पहिले दोघे पूर्णेहून आले. गाडीभोवती एक चक्कर मारली आणि म्हणाले, "पलटी झालेली हाय. चॅसी वाकडी हाय. एक लाख फार झाले." गाडी जन्मात कधी पलटी झाली नव्हती, चॅसी म्हणजे खालचा सांगाडा वाकायचं कारणच नव्हतं. मी तसं सांगितलं तर एकमेकांकडे बघून हसले. पुढच्या आठवड्यात आणखी एकजण आला, त्यानंही वाकून बघायच्या आधीच तेच सांगितलं, चॅसी वाकडी. मग मी किल्ली दिली, तर हातात घेत म्हणाला, "तिसऱ्यांदा धरते ना ही?"

आमच्या गाडीचा स्टार्टर तिसऱ्या वेळी धरायचा हे खरं होतं. पण ते बाहेरच्या गिऱ्हाइकाला माहीत असायचं कारण नव्हतं, आणि ह्या माणसानं अजून किल्ली लावलीही नव्हती.

मी विचारलं, "तुमाला कोणी पाठवलं?"

"कोणी न्हाई. नंबर बघितला गाडीवर."

गाडी महिनाभर अंगणातून हलली नव्हती. मी त्याला पाणी दिलं आणि वाटेला लावलं. त्या दुपारी मी भाकरी थापत होते आणि एकेक भाकरी जळत होती, कारण माझं लक्ष तव्यावर नव्हतं. तोवर मला वाटत होतं की दादा फक्त कोडगे आहेत. आता कळलं की ही गिऱ्हाइकं तेच पाठवतायत, आणि नवऱ्याच्या पडलेल्या हाताचा फायदा घेऊन गाडी फुकट ओढून न्यायला बघतायत. मी त्या दिवशी स्वतःशी ठरवलं की ह्या माणसाला नुसतं नाही म्हणायचं नाही. त्याला आधी हो वाटू द्यायचं.

दुसऱ्या दिवशी मिस्त्रीच्या हाताखालच्या पोराला चालवायला बोलावून मी गाडी मिस्त्रीकडे नेली. हा मिस्त्री पहिल्यापासून आमची गाडी बघायचा. वयानं म्हातारा, पांढरी दाढी, आम्ही सगळे त्याला चाचा म्हणतो. मी सरळ विचारलं, "चाचा, हिची खरी किंमत सांगा. मला खूश करायला सांगू नका."

चाचानं दोन तास घेतले. खाली झोपून बघितलं, इंजिन थंड असताना चालू केलं, ऑइलचं झाकण काढून त्यातून धूर येतो का ते मला दाखवलं. आला नाही. पाठीमागचे स्प्रिंगचे पाटे बसले होते, दोन टायर गेले होते, हौद्याचा पत्रा एका कोपऱ्यात गंजला होता. हात पुसत म्हणाला, "बेटी, चॅसी सरळ हाय. इंजिनाला हात लागलेला न्हाई. पासिंग करून घे, इन्शुरन्स भर, दोन टायर टाक. मग दोन लाख चाळीस सांग आणि सव्वादोनच्या खाली उतरू नको. जो कोणी पलटी झाली म्हणंल त्याला माझ्याकडं धाड."

मग थांबून म्हणाला, "तुझे दीर पण आले होते. विचारायले होते, किती दिवस चालंल. मी म्हणलो, नीट वापरली तर पाच वर्षं."

म्हणजे त्यांना माहीत होतं. नव्वद म्हणताना त्यांना सगळं माहीत होतं.

मी गळ्यातली पोत सोनाराकडे गहाण ठेवली, टायर टाकले, आरटीओची पासिंग करून घेतली. आणि त्याच आठवड्यात नवऱ्याच्या मोबाइलवर एक फोन आला. फोन मीच उचलायचे. पूर्णेचा मंडपवाला होता. म्हणाला, "दादांनी दोन गाड्यांचा शब्द दिलाय. अक्षयतृतीयेपासून लग्नं हायेत, दीड महिना रोज काम हाय. त्यांची एक अन् तुमची एक. उचल पण घेतलीय त्यांनी. तुमची गाडी तयार हाय ना?"

मी म्हटलं, "गाडी एकदम तयार हाय."

मी फोन ठेवला. मला हसू आलं होतं. ते हसू चांगलं नव्हतं, हे मला तेव्हाही कळत होतं. दादांना आमची गाडी नुसती स्वस्तात मिळवायची नव्हती, त्यांना ती हवीच होती. आणि ती कुठल्या दिवसापर्यंत हवी होती तेही आता मला माहीत होतं.

पुढच्या वेळी दादा आले तेव्हा मी दाराआड उभी राहिले नाही. ओट्यावर येऊन नवऱ्याशेजारी बसले, पदर सारखा केला आणि म्हणाले, "दादा, गाडी अडीच लाखाला हाय."

त्यांनी नवऱ्याकडे बघितलं. "तिला म्हणावं—"

"मला सांगा," मी म्हटलं. "ह्यांना बोलायला तरास होतो."

सतरा वर्षांत पहिल्यांदा ते माझ्याकडे बघून बोलले. "अडीचला नवी यायली का?"

"न्हाई येत. पण ही चालती."

त्या दिवशी ते एक लाख वीसवर गेले. चार दिवसांनी एक साठ. मी हो म्हटलं नाही, नाहीही म्हटलं नाही. "तुमचं घरचं म्हणून थांबलेय," एवढंच म्हणायचे. एरवी आमच्या ओट्यावर आलेलं माणूस चहाशिवाय जात नाही. मी त्यांना पाण्याचा तांब्या ठेवायचे आणि बसून राहायचे. पहिल्या खेपेला त्यांना वाटलं मी विसरले. दुसऱ्या खेपेला त्यांनी आतल्या चुलीकडे बघितलं. तिसऱ्या खेपेला त्यांना कळलं, आणि तरी ते बसून राहिले, कारण अक्षयतृतीयेला पंधरा दिवस राहिले होते. त्या दिवशी ते दोन लाखांवर आले. ते उठून गेल्यावर मी स्वतःसाठी चहा केला आणि त्याच खुर्चीत बसून पिले.

नवऱ्याला हे आवडत नव्हतं. "किती ताणतीस त्याला," म्हणायचा.

"गिरणीला पैसे लागायलेत," मी म्हणायचे. खरं कारण सांगितलं नाही. भावाविषयी त्याच्यासमोर बोललं की तो भिंतीकडे तोंड करायचा.

मधल्या दिवसांत चाचानं एक जोडपं पाठवलं. मेंढ्या राखणारं कुटुंब, बोरीच्या पलीकडच्या वस्तीवरचं. बाजारोबाजार मेंढरं न्यायला दुसऱ्याची गाडी भाड्यानं घेऊन कंटाळले होते. नवरा गाडीखाली वाकून बघायला लागला, बायको थेट हौद्यात चढली. एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत पावलं टाकत गेली, मग मधोमध उभी राहून दोनदा जोरात उडी मारली.

"पाटे बसल्यात," ती म्हणाली.

"बसल्यात," मी म्हटलं. "टायर नवे हायेत. कोपऱ्यात पत्रा गंजलाय, तो बघून घ्या."

तिनं खाली उतरून माझ्याकडे निरखून बघितलं. विकणारी बाई स्वतःच खोट दाखवते, हे तिला नवीन होतं बहुतेक. त्यांनी दोन लाख वीस सांगितले. मी दोन तीस म्हटलं. ती नवऱ्याला बाजूला घेऊन गेली, परत आली आणि म्हणाली, "तीस तर तीस. पण पैसे बुधवारी. मेंढरं विकून आणायचेत."

बुधवार म्हणजे अक्षयतृतीयेच्या आधी तीन दिवस. मला ह्याहून चांगला दिवस कुणी काढून दिला नसता. मी त्यांना बुधवारी अकराला या म्हणून सांगितलं. मग दादांना फोन केला. आयुष्यातला दुसरा फोन. म्हटलं, "बुधवारी अकराला पैसे घेऊन या. काय ते ठरवून टाकू."

बुधवारी दादा साडेदहालाच आले. धुतलेला सदरा, हातात प्लॅस्टिकची पिशवी. पैसे त्यांनी कुणाकुणाकडून गोळा केले होते, ते मला नंतर जावेकडून कळलं. अकराला ते जोडपं आलं. दादांनी त्यांच्याकडे बघितलं, मग गाडीकडे, मग माझ्याकडे.

"हे कोण?"

"गिऱ्हाईक हाय."

"तू तर मला बोलावलंस."

"तुमाला पण बोलावलं."

त्यांनी पिशवी मांडीवर घेतली. "अडीच देतो. तू म्हणलीस तेवढे."

मी त्या जोडप्याकडे बघितलं. मेंढ्यावाल्या बाईनं नवऱ्याचा दंड धरला. तिला वाटलं हातातून गेली.

"दोन साठ," दादा म्हणाले. "घरची गाडी हाय. बाहेर कशाला घालायची."

दोन लाख साठ हजार. मला वाटत होतं तेवढा गोड तो आकडा लागला नाही, त्याहून जास्त लागला. मी म्हटलं, "दादा, मी ह्यांना दोन तीसला शब्द दिलाय. गाडी त्यांचीच."

ते खुर्चीतून अर्धे उठले. मग त्यांना आठवलं की गाडी माझ्या नावावर नाही. आरसी नवऱ्याच्या नावावर होती, सही त्याची लागणार होती. ते नवऱ्याकडे वळले आणि हसले. भावाकडे बघून हसतात तसं.

"तू सांग रे. मला द्यायची का परक्याला?"

हे एक मी हिशेबात धरलं नव्हतं. खरं तर धरलं होतं, पण त्याचं काय करायचं ते मला सुचलं नव्हतं. नवऱ्यानं दादाला दे म्हटलं असतं तर माझं सगळं तिथंच संपलं असतं. विकायच्या कागदांची पिशवी माझ्या हातात होती.

नवऱ्यानं डाव्या हातानं उजवा हात उचलून मांडीवर नीट ठेवला. मग जड जिभेनं, एकेक शब्द सोडवत म्हणाला, "दादा, मी तवा शुद्धीवर होतो."

"कवा?"

"फोन केला तिनं तवा. तिच्या फोनचा आवाज मोठा हाय."

दादा खुर्चीत परत बसले. मेंढ्यावाल्या जोडप्याला काही समजलं नव्हतं, ते गाडीकडे बघायला लागले. पाच महिने हा माणूस भिंतीकडे तोंड करून झोपायचा, आणि मला वाटायचं की तो भावाची बाजू घेतो.

त्यानं डावा हात माझ्यापुढे केला. मी पेन दिला. सही वेडीवाकडी आली, म्हणून शेजारी डाव्या हाताचा अंगठाही घेतला. दादा पिशवी काखेत मारून, जोडे पायात नीट न घालताच निघून गेले. त्या बाईनं मेंढरांचे पैसे माझ्या हातात मोजून दिले, नोटांना लोकरीचा वास होता. मी ते आत ठेवले, बाहेर आले आणि मंडपवाल्याला फोन लावला. सांगितलं की आमची गाडी आज विकली, दादांच्या शब्दावर थांबू नका. हा फोन केला नसता तरी चाललं असतं. त्याला दोन दिवसांत कळलंच असतं. पण ते माझ्या तोंडून कळावं असं मला वाटलं.

मंडपवाल्यानं दोन्ही गाड्यांचं काम पूर्णेच्याच एकाला दिलं आणि दादांकडून उचल परत मागितली. लग्नसराईचा दीड महिना दादांच्या गाडीनं शेणखत वाहिलं. लग्नाचा बँड वाजत गेला की मी ओट्यावर येऊन उभी राहायचे. कुणाच्या नवरीला बघायला नाही, चार घरांपलीकडचं दादांचं दार बघायला.

आठवड्यानं जाऊ आली. ती बाई वाईट नाही. दारातच उभी राहून म्हणाली, "येवढी आग होती पोटात, तर तोंडावर बोलायचं होतंस."

मी म्हटलं, "बोलले असते तर तुमी माझी समजूत काढली असती. मला समजूत नको होती."

ती बसली नाही. दादा तेव्हापासून आमच्या ओट्यावर आलेले नाहीत, आणि नवऱ्यानं त्यांची चौकशी केलेली नाही. एकदा मी त्याच्या हाताला तेल चोळत होते, तर मध्येच म्हणाला, "वरचे तीस हजार गेले मात्र." मी म्हटलं, "गेले." तो म्हणाला, "जाऊ दे." आणि तोंडाच्या चालत्या बाजूनं हसला.

ते तीस हजार नव्हते म्हणून गिरणी नवी आली पण मिरची कांडायची मशीन जुनी घ्यावी लागली. ती आवाज फार करते. बाकी धंदा बरा आहे. गावात दुसरी गिरणी नाही, त्यामुळे दादांच्या घरचं दळणही माझ्याकडेच येतं. मी त्यांच्याकडून पूर्ण पैसे घेते, पाच रुपयेसुद्धा सोडत नाही. मागच्या महिन्यात त्यांची ज्वारी मी मुद्दाम जाडी काढली. जाऊ दुसऱ्या दिवशी पीठ परत घेऊन आली, म्हणाली भाकरी फुटायलीय. मी ते पुन्हा दळून दिलं, आणि पुन्हा पैसे घेतले.